श्री. रा. रा. रोलराव छत्तीसवाले यांस

मु. पो. कोल्हापूर,
श्रावण शुद्ध पंचमी

स. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. आपली खुशाली विचारायची गरज नाही, कारण आपण गेले काही महिने आमच्याच फ्रिजच्या दारात, ठेच्याच्या बरणीला टेकून मुक्कामाला आहात आणि सकाळी दुधाची पिशवी काढताना आपलं दर्शन होतंच. तरी पत्र लिहितो आहे. काही गोष्टी तोंडावर बोलवत नाहीत, आणि आपल्याला उजेडात बसवून चार शब्द ऐकवायचे म्हटलं तर आपण कायमचे कामातून जाल.

आधी बातमी. माझा पोर्टफोलिओ होत आला आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे हिशेब बघणाऱ्या माणसाला पोर्टफोलिओ कशाला लागतो, हे सौ.नी विचारून झालं आहे, त्यामुळे आपण विचारू नये. एका फेलोशिपच्या अर्जाला एकाच विषयावरचे वीस फोटो लागतात. माझा विषय तालीम. कोल्हापुरात राहून तालमीचे फोटो काढण्यात नवल काही नाही, पंचगंगेच्या पुराचे आणि तालमीचे फोटो इथं दर वर्षी निघतात. पण मी ते आपल्यावर काढतो आहे, आणि त्यावरूनच हा पत्रप्रपंच.

आता तक्रार ऐका. लोक म्हणतात, आम्ही फिल्मला सोडलं. माझ्या लेखी तसं झालेलं नाही. तुम्ही गेलात, आणि न सांगता गेलात. आमच्या नेहमीच्या स्टुडिओत काउंटरमागच्या काचेच्या कपाटात कोडॅक, कोनिका, फुजीची खोकी रांगेनं असायची. एका दिवाळीला गेलो तर त्या जागी मेमरी कार्डं आणि मोबाईलची कव्हरं. घरातलं माणूस गेलं तर निदान तेराव्याचं बोलावणं तरी येतं हो. इथं कुणाला सुतकसुद्धा लागलं नाही.

त्यातून तुमचं घर घरच्यांनीच फोडलं. 1975 साली कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं, स्टीव्हन सॅसननं, डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जोडला. 0.01 मेगापिक्सेलचा. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद. थोरल्यांनी ते पोर मागच्या खोलीत दडवलं, आणि जानेवारी 2012 मध्ये त्याच थोरल्यांवर कोर्टात जाऊन दिवाळखोरीचं संरक्षण मागायची वेळ आली. त्यांची कोडाक्रोम फिल्म त्याआधीच, 2009 मध्ये, बंद झाली होती. कारखान्यातून निघालेला तिचा शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीला मिळाला. त्यातल्या काही चौकटी त्यानं मुंबईत आणि राजस्थानात खर्ची घातल्या आणि रोल धुवायला तो कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या लहानशा गावी घेऊन गेला, कारण कोडाक्रोम धुणारं दुकान जगात तेवढंच उरलं होतं. 2010 संपता संपता त्या दुकानानंही ते धुणं बंद केलं. तुमची उटीची चुलत बहीण, हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, ती तर आमचीच, सरकारी नोकरीतली. ती कधी निवर्तली हे आमच्या घरात कुणाच्या वाचनातही आलं नाही.

असो. राग मानू नका. संबंध जुना आहे म्हणून बोललो.

काकांकडे यशिका होता. एक रोल घरात वर्षभर पुरायचा. दिवाळीचा आकाशकंदील, आत्याच्या नातवाचं बारसं, मग चैत्रात जोतिबाची यात्रा आणि गुलालानं ओळखू न येणारी सगळी भावंडं. मे महिन्यात कधीतरी काका म्हणायचे, “दोन-तीन उरलेत, रोल संपवायला पाहिजे.” आणि मग दिसेल त्याचा फोटो निघायचा. कुणाची तरी सायकल, न्हाणीतून डोकं पुसत बाहेर आलेली आजी, कोळसेवाल्याशी हुज्जत घालणारी काकू. आज अल्बम उघडला की बारशाचे फोटो सगळ्या घरांतल्या बारशांचे असतात तसे आहेत. आमचं घर म्हणून जे काही उरलं आहे ते रोल संपवण्यासाठी काढलेल्या त्या दोन-तीन चौकटींत. रोल धुवायला टाकला की “किती आले?” हा एकच प्रश्न. स्टुडिओवाला निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटला धरून आकडा सांगायचा आणि त्या आकड्यावर काकांची इज्जत ठरायची. रोल काटकसरीनं घातला तर सदतिसावा फोटोही निघे. तो फुकटातला. तो नेहमी काकूचा असायचा. ही गोष्ट काकू अजून विसरलेली नाही.

तुम्ही परत आलात ते मात्र माझ्यामुळे, एवढं श्रेय मी घेणार. जुना पेन्टॅक्स के-थाउजंड मिळाला. 1976 चं मॉडेल, सगळं यांत्रिक, सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला, नसला तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही. त्याआधी त्याच तालमीत मी डिजिटल घेऊन जात होतो. फोटो वाईट नव्हते. अडचण निराळीच होती. कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र उमटलं की पोरं हौद्यातून उठून यायची. “दावा की!” दाखवलं की छाती पुढं, दंड फुगवलेले, मान ताठ. पुढचा तासभर तालमीत कुस्ती नाही, फोटोच. तुम्हाला घेऊन गेलो तेव्हा वस्तादांनी विचारलं, “कुठं हाय फोटू?”

“ह्येच्यात दिसत न्हाई वस्ताद. धुवायला लागतंय.”

“मग सकाळपास्नं काय करालायस?”

दोन-तीन रविवारांत सगळ्यांचा माझ्यातला रस संपला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ज्या कॅमेऱ्यात बघायला काही नाही, त्याच्याकडे कोण बघणार? त्याबद्दल मनापासून आभार.

पण तालमीत तुम्ही मला छळलंत तेवढं कुणी छळलं नसेल. भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि चिमुकल्या, वर एक ट्यूब. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली. दोन डाव झाले की अंग आणि माती एका रंगाची. रंगीत फोटोत हे झकास दिसतं. तुमच्या कृष्णधवल नजरेला मात्र पैलवान कुठं संपला आणि हौदा कुठं सुरू झाला हेच कळत नाही, सगळं एका करड्यात. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. त्यांच्या वेळची फिल्म लाल रंगाला आंधळी असायची. तिच्यावर आमची माती काळीकुट्ट उतरली असती आणि निदान काही फरक तरी पडला असता. तुम्हाला लालही दिसतं, म्हणून तर तुम्हाला टाकीत भरताना मिट्ट काळोख लागतो, छपाईच्या कागदाला चालतो तो तांबडा दिवासुद्धा चालत नाही. एवढे नखरे करून शेवटी माती आणि माणूस सारखंच दाखवणार! हिरवा फिल्टर लावून माती गडद करावी, तर तो अंगही गडद करतो आणि वर असलेल्या उजेडातला निम्म्याहून अधिक खाऊन टाकतो.

उजेड नाही म्हणून चारशेच्या फिल्मला सोळाशेची समजून राबवायचं आणि धुताना भरपाई करायची. तुमच्या इलफर्डच्या एचपीफाइव्हला त्यांच्याच डेव्हलपरमध्ये एरवी साडेसात मिनिटं पुरतात, तिथं चौदा. तीही पाणी 20 अंशांवर असेल तर. एप्रिलमध्ये आमच्या नळाचं पाणी 20 अंशांवर आणून ठेवणं म्हणजे परातीत बर्फ, बर्फात बाटल्या, बाटलीत थर्मामीटर, आणि न्हाणीघराबाहेर ऑफिसला निघालेली मुलगी. “बाबा, आंघोळ!” “नऊ मिनिटं राहिलीत.” “हायपोचा वास येतोय.” येणारच. पावसाळ्यात तर धुऊन टांगलेली पट्टी रात्रभर ओली, त्यावर धुळीचे कण आणि पाण्याचे डाग, आणि शेजारी सौ.ची न वाळलेली साडी. साडीची तक्रार कमी आणि तुमची जास्त, असं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुमची स्तुती करणारे लोक हल्ली फार वाढलेत. ते म्हणतात, फिल्म संयम शिकवते, माणसाला सावकाश करते. हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये. लग्नातले फोटोग्राफर आठवा. अंतरपाट खाली, मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं, आणि नेमका रोल संपलेला. तो मनुष्य वधूवरांना हातानं थांबवत, एका बाजूनं ओढत, दुसऱ्या बाजूनं घालत ज्या वेगानं रोल बदलायचा तो वेग आजच्या कुणा पोराच्या बोटांत नाही. खासबाग मैदानात मुख्य कुस्ती सुटली की वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर फिल्म घेऊन धावत ऑफिस गाठायचे, धुवायचे, ओल्या निगेटिव्हवरून प्रिंट काढायचे, कारण रात्रीची आवृत्ती थांबत नसे. त्यांना संयमाबद्दल विचारलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दुसरे लोक तुमच्या दाण्याचं कौतुक करतात, तुमच्या रंगांचं करतात. तो दाणा आता मोबाईलही घालून देतो, वर ओरखडेसुद्धा फुकट.

तुमचा उपकार मला वेगळ्याच ठिकाणी लागला. तुमच्यावरचा फोटो मला खोडता येत नाही. डिजिटलवर मी हौद्याच्या कडेला बसल्या बसल्या पडद्यावर बघून नको ते पुसत होतो. धोबीपछाड हुकली, पूस. एकलंगीत चेहरा आला नाही, पूस. मधे कुणी आडवा गेला, पूस. त्या घडीला माझ्या अंगात कुस्ती भरलेली असायची, त्यामुळे जो फोटो कुस्तीसारखा दिसे तो चांगला आणि उरलेले वाईट, असा माझा न्याय. तुम्ही तो न्याय करायचा अधिकारच काढून घेतलात. रोल भरेपर्यंत आठवडे, मग फ्रिजमध्ये मुक्काम, मग कधीतरी सुट्टीच्या दिवशी धुणं, आणि त्यानंतर सगळ्या छत्तीस चौकटी एका कागदावर, ज्या क्रमानं काढल्या त्या क्रमानं, फसलेल्यांसकट. तोवर त्या सकाळचा आवेश माझ्यातून उतरलेला. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड हे जाणूनबुजून करायचा. काढल्या क्षणीचा आनंद विसरला जावा म्हणून तो रोल वर्षवर्ष धुवायचा नाही. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल धुवायचे राहिले होते. (हे सौ.ना सांगितलेलं नाही. फ्रिज आमचा एकच आहे.)

त्या कॉन्टॅक्ट शीटवर भिंगानं बघताना लक्षात आलं की चांगल्या चौकटी सगळ्या शेवटाकडे आहेत. कारण अगदी साधं. मेहनत संपत आली की अंगावर घाम येतो, उंच खिडकीतून येणारा तिरपा उजेड त्या घामावर चमकतो आणि माणूस मातीपासून सुटा होतो. फिल्टर नको, काही नको, फक्त अर्धा तास उशिरा कॅमेरा उचलायचा. शिवाय त्या शेवटच्या चौकटींत कुस्ती नव्हतीच. फावड्यानं हौदा सारखा करणारं बारकं पोरगं. भिंतीला पाठ टेकून कान चोळणारा मल्ल. दोघं एकमेकांच्या पाठीवरची माती हातानं निपटून काढताना. हे डिजिटलवर मी जागच्या जागी पुसलं असतं, किंबहुना काढलंच नसतं, कारण माझ्या हिशेबी तोवर फोटो काढण्यासारखं संपलेलं असायचं. अर्जातल्या विसांपैकी बहुतेक फोटो आता असे आहेत. एकमेकांना भिडलेले पैलवान फक्त एका फोटोत दिसतात, आणि त्यातही नजर जाते ती मागे लंगोट वाळत घालणाऱ्याकडे.

काही प्रिंट तालमीत नेऊन दिल्या. वस्तादांनी चष्मा लावून एकेक बघितली. पाठीवरच्या मातीच्या फोटोपाशी थांबले. “ह्यो कवा काढलास? आमाला कळलं न्हाई.” मी म्हटलं, मलाही कळलं नव्हतं. त्यांनी ती ठेवून घेतली, बाकीच्या पोरांना वाटल्या.

आता थोडं एकेरीवर येतो, क्षमा असावी. अरे, तुझा भाव काय झालाय! एका कृष्णधवल रोलला हजाराच्या घरात मोजतो मी, म्हणजे बटण दाबलं की जवळपास तीस रुपये, रसायनं वेगळी. तुझ्या अंगात चांदी आहे, मान्य. आमच्या हुपरीत चांदीचे पैंजण घडतात, तिथला भाव चढला की मला आता सराफाइतकीच काळजी वाटते, हे माझ्या पगाराला शोभत नाही. शंभर फुटी डबा आणून अंधारात हातानं रिकाम्या डब्या भरल्या तर अठराएक रोल होतात आणि थोडं स्वस्त पडतं, तेही करून बघतोय. पण ही चांदीच तुमच्या घराण्याच्या मुळावर आली हे विसरू नकोस. मूकपटांच्या कितीतरी प्रती लोकांनी तेवढ्यासाठी वितळवल्या. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट ह्याच गावात तयार झाले, आणि आज त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता नाही. ज्या वस्तूत चांदी असते तिच्यावरच्या चित्राला फारसं कुणी विचारत नाही, असं दिसतं.

आणि रंगीत रोलची कथा वेगळीच. तो घरी धुवायचा तर 38 अंशांच्या आसपास, आणि त्यात अर्ध्या अंशाचंही इकडेतिकडे चालत नाही. म्हणून परगावच्या एका लॅबला कुरिअरनं पाठवला. त्यांनी स्कॅनची लिंक पाठवली आणि खाली विचारलं, “निगेटिव्ह परत हव्यात का?” मी बराच वेळ तो प्रश्न बघत बसलो. दाराशी आलेल्या नवरीला आत घ्यायचं का असं विचारल्यावर सासू जे करील तेच मी केलं, फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “बरेच लोक नको म्हणतात, सर.” म्हणजे लोक तुम्हाला विकत घेतात, तुमच्यावर फोटो काढतात, त्याचा स्कॅन मोबाईलवर घेतात आणि तुम्हाला कचऱ्यात टाकायला सांगतात. ह्यांना तुमचं कौतुक! परत आदरार्थी लिहितो आहे, कारण हे आठवलं की तुमची कीव येते.

तेव्हा विनंती अशी. एक, फार फॅशनीत येऊ नका. फॅशनमध्ये गेलेल्या वस्तूचा भाव आधी चढतो आणि मग ती दुकानातून जाते, हे तुम्ही एकदा केलेलं आहे. दोन, पुन्हा जायचं झालंच तर वर्षभर आधी कळवावं. डबे घेऊन ठेवीन, सौ.शी फ्रिजबाबत बोलणी करीन. तीन, माती आणि अंग ह्यांतला फरक जरा ओळखायला शिका. शक्य नसेल तर राहू द्या, घामावर भागवतो. चौथी विनंती खासगी आहे. काकूचा तो सदतिसावा फोटो, कोळसेवाल्याशी भांडतानाचा, प्रिंट कुठंतरी हरवली आहे. निगेटिव्ह मात्र काकांच्या बिस्किटाच्या डब्यात सापडली आहे, पिवळ्या कागदात. त्यावर बुरशीचे ठिपके दिसतात. ते चेहऱ्यावर आले नसतील एवढं बघावं. दिवाळीला काकू इकडे येणार आहे आणि मोठी प्रिंट काढून तिला द्यायचा विचार आहे.

मुलांना आशीर्वाद, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या त्या दोन नव्या डब्यांना. त्या उघडायला पुढच्या रविवारपर्यंत दम धरायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिरोलीचा हिशेबनीस

ता. क. अर्जात वीस फोटो जेपेगमध्ये मागितले आहेत, प्रत्येकी दोन एमबीच्या आत. हे आपल्याला सांगू नये असं ठरवलं होतं, पण उद्या स्कॅनरवर झोपवीन तेव्हा कळणारच.